मुलगा विधेयक मांडतोय, आई भाकऱ्या थापतेय

प्रश्न, थोडक्यात: कोपरखैरण्याहून एका वाचक भगिनींनी लिहिलंय. वय ४४. घरात नवरा, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मुलाच्या ज्युनिअर कॉलेजात पुढच्या महिन्यात अभिरूप संसद आहे. चिठ्ठ्या टाकून बाकं वाटली गेली, त्यात हा आरोग्यमंत्री झाला. त्यानं मांडायचं विधेयक असं : गर्भधारणेच्या क्षणापासून गर्भाला कायद्यानं व्यक्ती मानावं. रोज रात्री हॉलमध्ये येरझाऱ्या घालत तो भाषण पाठ करतो. "ज्याला मत देता येत नाही, ज्याला हाकही मारता येत नाही, त्याच्या वतीनं मी या सभागृहात उभा आहे," अशी सुरुवात आहे. पुढे 'हत्या' हा शब्द सहा वेळा येतो. बाईंनी भाकऱ्या थापता थापता मोजलाय.

२०१२ च्या पावसाळ्यात, हाच मुलगा चार वर्षांचा असताना, त्यांना पुन्हा दिवस गेले. संततिनियमनाचं साधन फसलं होतं. नवऱ्याची तुर्भ्याची नोकरी नुकतीच गेली होती, सासऱ्यांचं डायलिसिस चालू होतं. दहाव्या आठवड्यात त्यांनी वाशीत रीतसर गर्भपात करून घेतला. नवऱ्याखेरीज कुणाला माहीत नाही. फाईल अजून कपाटात साड्यांखाली आहे. नातवाचं भाषण ऐकून सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी असली पापं नव्हती हो." नवरा म्हणतो, विषय वाढवू नकोस. बाई विचारतात: "मुलाला सांगू का? की कॉलेजात जाऊन विषय बदलायला सांगू? आणि कायद्याच्या भाषेत मी नेमकी कोण आहे? यंदा ते सातवीत असतं, हे गणित माझ्या डोक्यातून जात नाही."

उत्तर:

तुमचा तिसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिले दोन त्याच्याच पोटातून आलेत असं मला वाटतं. हॉलमध्ये रोज रात्री खटला उभा राहतोय आणि स्वयंपाकघरात आरोपी उभी आहे, असं तुम्ही मनानं धरून बसलात. तेव्हा तो खटला कायद्यात बसतो का, ते आधी बघू.

तुमचा मुलगा जो शब्द सहा वेळा वापरतोय, तो कायद्यानं चुकीचा आहे. इंग्रजांच्या काळातल्या, १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २९९ होतं, मनुष्यवधाची व्याख्या करणारं. त्याच्या तिसऱ्या स्पष्टीकरणात सरळ लिहिलं होतं की आईच्या पोटातल्या मुलाचा मृत्यू घडवणं म्हणजे मनुष्यवध नव्हे. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता आली, त्यात हेच स्पष्टीकरण कलम १०० खाली जसंच्या तसं आलंय. राणीचं राज्य गेलं, संहितेचं नाव बदललं, हे वाक्य टिकलं.

मात्र एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला गोड बोलून फसवलं असं होईल. त्याच संहितेत गर्भपात घडवून आणणं हा वेगळा गुन्हा आहे. पूर्वी कलम ३१२, आता ८८. त्यात स्वतःचा गर्भपात करून घेणारी बाईसुद्धा येते. ही भिंत आजही उभी आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानं तिला एक दार पाडलं. १ एप्रिल १९७२ पासून ते उघडं आहे आणि तुम्ही त्या दारातून गेलात. दहावा आठवडा, मान्यताप्राप्त ठिकाण, नोंदणीकृत डॉक्टर, तुमची लेखी संमती. मुलांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी वापरलेलं साधन फसलं, तर त्यामुळे होणारा मनस्ताप हाच बाईच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा मानता येईल, असं त्या कायद्यात पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं. म्हणजे तुमची परिस्थिती खासदारांनी १९७१ मध्येच डोळ्यांसमोर आणली होती. साड्यांखालची ती फाईल एका कायदेशीर उपचाराची फाईल आहे, मुतखड्याची असते तशी.

मनाचं गणित वेगळं, ते मी नंतर घेते.

त्या कायद्याचं कलम ३ एकदा जरूर वाचा, किंवा मुलाला वाचायला द्या. शाळेत आपण कर्ता, कर्म, क्रियापद ओळखायचो ना, तसं वाचा. वाक्याचा कर्ता डॉक्टर आहे. अमुक अटी पाळल्या तर नोंदणीकृत डॉक्टर दोषी ठरणार नाही, अशी रचना आहे. बाई येते ती संमती देण्यापुरती. गर्भ व्यक्ती आहे का, हे कायदा विचारत नाही आणि बाईचा हक्क आहे का, हेही तोंडानं म्हणत नाही. डॉक्टरला तुरुंग कधी नाही, एवढंच तो ठरवतो. कारण तो आला कुठून, तर १९६४ साली केंद्र सरकारनं नेमलेल्या समितीतून. अध्यक्ष होते शांतिलाल शाह, आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. समितीसमोरचा मोठा प्रश्न होता चोरून, अडाणी उपायांनी केलेल्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांचा. सासूबाईंना हे सांगायला जाऊ नका, पण 'आमच्या वेळी' या शब्दांत काय काय दडलंय ते आपण दोघी जाणतो. असली पापं नव्हती, तर महात्मा फुले आणि सावित्रीबाईंना दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह कशाला काढावं लागलं असतं?

आता तुमच्या मुलाच्या बाजूनं बोलते, कारण त्याची बाजू पोकळ नाही. गर्भाला आपला कायदा अगदीच ओळखत नाही असं नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६, कलम २०: बाप वारला तेव्हा मूल पोटात असेल आणि पुढे जिवंत जन्माला आलं, तर त्याला वाटा मिळतो, जणू ते बाप जाण्याआधीच जन्मलं होतं. भावकीत वाटणीच्या वेळी "सून गरोदर आहे, थांबा जरा" असं म्हणतात, त्याचं हे कायदेशीर रूप. न जन्मलेल्याच्या नावे मालमत्ता लिहून ठेवायची सोयही १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे. पण अट बघा, जिवंत जन्माला आलं तर. हक्क पोटात असताना नुसता राखून ठेवलेला असतो, गाडीत रुमाल टाकून जागा धरावी तसा.

मुलाचं विधेयक या रुमालालाच तिकीट म्हणतंय. तसं म्हणणारे देश आहेत, आणि त्यातल्या एकाची गोष्ट त्याला ठाऊक असायलाच हवी. आयर्लंडनं १९८३ साली राज्यघटनेतच लिहिलं की गर्भाचा जगण्याचा हक्क आईच्या हक्काइतकाच. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे तुमच्यानंतर थोड्याच महिन्यांनी, मूळच्या बेळगावच्या डॉ. सविता हलप्पनवार तिथं गाल्वे शहरात वारल्या. ३१ वर्षांच्या, सतरावा आठवडा. गर्भ पडणारच होता, वाचणार नव्हता, पण त्याचे ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गानं बाई गेली. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेनं आईच्या जिवाला धोका असताना गर्भपाताची मुभा देणारा कायदा केला. २०१८ च्या मे महिन्यात सार्वमत झालं आणि दर तीन मतदारांतल्या जवळजवळ दोघांनी घटनेतलं ते कलम काढून टाकायला कौल दिला. 'व्यक्ती' हा शब्द कागदावर गोड दिसतो. रुग्णालयाच्या खाटेशी तो उभा राहिला की डॉक्टर एका अंगात दोन रुग्ण मोजू लागतात आणि हात आखडतात.

आपल्या खऱ्या संसदेत अलीकडे काय झालं, तेही त्याच्या कामाचं आहे. १९७१ च्या कायद्याची दुरुस्ती लोकसभेनं १७ मार्च २०२० ला मंजूर केली आणि राज्यसभेनं १६ मार्च २०२१ ला, मधे सगळी टाळेबंदी. डॉ. हर्षवर्धन आरोग्यमंत्री होते, तुमच्या मुलाचीच खुर्ची. राज्यसभेत हे विधेयक प्रवर समितीकडे, म्हणजे तपासून बघणाऱ्या खासदारांच्या समितीकडे, पाठवा अशी मागणी झाली, ती फेटाळली गेली. चर्चेचा भर गर्भ व्यक्ती आहे का यावर नव्हताच. किती आठवडे, किती डॉक्टर, जिल्ह्याजिल्ह्यांत तज्ज्ञ आहेत का, आणि शेवटचा शब्द बाईचा की वैद्यकीय मंडळाचा, यावर सगळी रस्सीखेच. एक बारीकसा बदल मला फार आवडला. जुन्या स्पष्टीकरणात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असं होतं, तिथं 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच धागा पुढे नेला : २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीत अविवाहितेला वेगळं वागवता येणार नाही.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयात एक विवाहित बाई आली, दोन मुलांची आई, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजारानं त्रस्त, २६ आठवड्यांची गरोदर. आधी परवानगी मिळाली. मग दोन न्यायमूर्तींचं एकमत राहिलं नाही. शेवटी तीन न्यायमूर्तींनी नकार दिला. सुनावणीत न जन्मलेल्या बाळाच्या हक्काचा मुद्दा उघडपणे आला. बाहेर काढलं तर जगू शकेल अशा गर्भाचं काय करायचं, हा प्रश्न "माझं शरीर, माझा निर्णय" एवढ्या घोषणेत मावत नाही, असं माझंही मत आहे. उलट बाजूला २४ आठवड्यांनंतर कायद्यातलं दार मुख्यतः गर्भात मोठं व्यंग असेल तरच उघडतं. अपंगांच्या चळवळीतले लोक विचारतात, मग आमच्यासारख्यांचा जीव कमी मोलाचा का? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्या मुलानं या दोन जागांवर पाच मिनिटं घालवली आणि 'हत्या' हा शब्द सहावरून शून्यावर आणला, तर तो बक्षीस घेऊन येईल. मी बरीच वर्षं वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. घसा ताणणाऱ्यापेक्षा समोरच्याची अडचण आधी स्वतः सांगणारा मुलगा परीक्षकांना जास्त भावतो.

आणि याच अनुभवावरून सांगते, सतरा वर्षांचा मुलगा भाषणात जे बोलतो ते त्याचं मत असेलच असं नाही. गेल्या वर्षी हुंड्याच्या समर्थनाची चिठ्ठी आलेली एक मुलगी मी पाहिली. तिनं सभागृह डोक्यावर घेतलं आणि खाली उतरून आईच्या कुशीत शिरून रडली. तुमच्या पत्रात मुलाचं भाषण पानभर आहे, पण त्याला स्वतःला काय वाटतं यावर एक ओळ नाही. तुम्ही विचारलंच नसावं. विचारायची भीती वाटत असेल, तेही समजतं.

म्हणून विषय बदलायला कॉलेजात जाऊ नका. कारण काय सांगणार? आणि समजा बदलला, तर तुमच्या घरात हा विषय कायमचा कोंडला जाईल. बाईंना किंवा सरांना भेटायचंच असेल तर एवढंच म्हणा की वर्गात पन्नास मुलं-मुली आहेत, कुणाच्या घरात काय झालंय माहीत नसतं, तेव्हा सभापतींनी कुणाला 'खुनी' म्हणू देऊ नये. खऱ्या संसदेतही असंसदीय शब्द कामकाजातून काढून टाकतात. ही मागणी कुठल्याही पालकाला शोभेल, तुमच्याकडे बोट जाणार नाही.

आता सांगायचं की नाही. तुम्ही लिहिता, "न सांगणं म्हणजे मुलाशी खोटं वागणं आहे." मला हे पटत नाही. गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव डॉक्टरनं उघड केलं तर त्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, हे २०२१ च्या दुरुस्तीनं घातलेलं कलम ५अ सांगतं. जे गुपित राखायला कायदा डॉक्टरला बांधतो, ते तुम्ही राखलंत तर तो खोटेपणा कसा? ती हकीकत तुमची आहे. द्यायची तेव्हा, द्यायची त्याला द्या.

स्पर्धेआधी मात्र नको, असं माझं स्पष्ट मत. आज सांगितलंत तर तुमची हकीकत त्याच्या भाषणाला दिलेलं उत्तर होईल. त्यानं दुसऱ्या दिवशी काय करायचं? व्यासपीठावर उभं राहून आईच्या विरोधात बोलायचं, की माघार घेऊन मित्रांना कारणं सांगत बसायचं? दोन्ही त्याला जड. आणि तुम्ही त्याच्या चेहऱ्यावर निकाल शोधाल. सतरा वर्षांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटेल, ते पुढची वीस वर्षं तुम्ही विसरणार नाही, तो मात्र आठवड्यात विसरलेला असेल.

स्पर्धेनंतर, वाटलंच तर. त्यापूर्वी नवऱ्याशी बोला, कारण ती त्यांचीही गोष्ट आहे. 'विषय वाढवू नकोस' म्हणणाऱ्या माणसानंही तेरा वर्षं काहीतरी गिळलेलं असतं. नोकरी गेली म्हणून हे करावं लागलं, असं त्यांनी मनात धरलं असेल का, हे तुम्ही कधी विचारलंय? मुलाशी बोलायला घर नको, सासूबाईंचे कान तिखट आहेत. वाशीच्या मिनी सीशोअरला चालायला न्या. चालताना समोरासमोर बघावं लागत नाही, मुलग्यांना ते सोपं जातं. वाक्य साधं ठेवा : तू चार वर्षांचा होतास, आपल्या घरची अशी अशी स्थिती होती, आम्ही दोघांनी हे ठरवलं, डॉक्टरांकडे जाऊन केलं, मला अधूनमधून आठवण येते. क्षमा मागू नका, सफाईही देऊ नका. तो गप्प राहिला तर राहू द्या. आणि कधीच सांगावंसं वाटलं नाही, तर तेही तितकंच ठीक.

मधल्या काळात मात्र त्याला एकटा सोडू नका. भाषण ऐकणारी आई म्हणून प्रश्न विचारा, आपोआप पडलेल्या गर्भाबद्दलचा तरी नक्की. गर्भ व्यक्ती असेल, तर नैसर्गिकरीत्या गर्भ पडला की पोलीस पंचनामा करणार का? बाईला जबाब द्यायला बोलावणार का? तुमच्या विधेयकात काय सोय आहे, मंत्रिमहोदय? त्याची पेन्सिल थांबेल बघा.

राहिलं ते सातवीचं गणित. हळहळ आणि अपराध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण दोन्ही रात्रीच येतात म्हणून गल्लत होते. तुम्ही दुसऱ्यांदा त्याच परिस्थितीत गेलात तर काय ठरवाल, हे स्वतःला एकदा विचारा. पत्रात एका ओळीत तुम्ही लिहूनच टाकलंय, "तेव्हा दुसरं काही शक्यच नव्हतं." मग ही हळहळ आहे. ती येईल, जाईल, जूनमध्ये शाळा सुरू होताना जरा जास्त येईल. झोप उडत असेल, जेवणावरची वासना गेली असेल, तर मात्र समुपदेशकाकडे जा. नवऱ्याला सोबत घेतलंत तर उत्तम.

हे पत्र वाचून ज्या इतर जणी आपापली फाईल आठवतील, किंवा आज या घडीला अडकल्या असतील, त्यांच्यासाठी चार गोष्टी. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत नियमांत दिलेल्या गटांतल्या बायकांसाठी दोघांचं लागतं. सज्ञान बाईला फक्त स्वतःची संमती लागते. "नवऱ्याची सही आणा" असं काउंटरवर म्हणतात, पण कायदा तसं म्हणत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची लेखी संमती लागते आणि पॉक्सोखाली, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावं लागतं, पण मुलीनं आणि पालकांनी सांगितलं तर तिची ओळख देण्याची डॉक्टरला गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्या २०२२ च्याच निकालात आहे. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरच्या देखरेखीत. मैत्रिणीनं सांगितल्या म्हणून औषधाच्या दुकानातून आणून घेऊ नका. आणि प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवर गर्भलिंग निदानाविरुद्धची पाटी असते, ती वाचून अनेक बायका समजतात की गर्भपातच बेकायदा. ती पाटी मुलगी-मुलगा बघण्याविरुद्ध आहे, १९९४ चा तो कायदाच निराळा. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द त्या लढाईत उपयोगी पडला खरा, पण त्यातला 'हत्या' सुटून भलत्याच बायकांच्या दारात जाऊन बसला. तुमच्या मुलाच्या भाषणातही तो बहुधा तिथूनच आलाय.

जाता जाता, पालकांना बोलावलं असेल तर अभिरूप संसदेला जा. दाराजवळची, शेवटच्या रांगेतली खुर्ची धरा, जड झालं तर पाणी प्यायला उठता येईल. निकाल लागल्यावर त्याला विचारा, "मंत्रिमहोदय, तुमचं स्वतःचं मत काय?" आणि परतीच्या रिक्षात त्याला बोलू द्या.